तुरिनचे डॉन बॉस्को

तेरा ते अठरा हें वय मोठें अवघड आहे. अंगांत बळ येतें, पण तें कोठें खर्चावें हें उमगत नाहीं. घरच्यांचें ऐकवत नाहीं आणि सोबत्यांचें मोडवत नाहीं. एकटा असतां जें धाडस मुलगा करणार नाहीं तें चार मित्र पाहत असतां तो सहज करून बसतो, असें मानसशास्त्रज्ञांनीं आतां प्रयोगांनीं दाखविलें आहे. एकोणिसाव्या शतकांत इटलींतील एका गरीब शेतकऱ्याच्या मुलानें हीच गोष्ट रस्त्यांत, तुरुंगांत आणि खेळाच्या पटांगणांत हिंडून ओळखली होती. माटुंग्याच्या शाळेमुळें त्यांचें नांव मुंबईकरांच्या तोंडीं नेहमीं असतें. परंतु त्यांचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून तें आमच्या विद्यार्थिवर्गास व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इटलींत धर्मगुरूच्या नांवामागें डॉन ही आदराची पदवी लावण्याची रीत आहे. डॉन बॉस्को यांचें मूळ नांव जोव्हान्नी. ता. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं पिडमाँट प्रांतांत, कास्तेलनुओव्हो गांवाजवळच्या बेक्की या वाडीवर त्यांचा जन्म झाला. मूल दोन वर्षांचेंही झालें नव्हतें तोंच, १८१७ सालीं, बाप न्युमोनियानें वारला. आई मार्गेरिता निरक्षर होती, पण मोठी करारी. सावत्र मुलगा अंतोनियो, पोटचे दोन मुलगे आणि वृद्ध सासू एवढ्यांचा संसार तिनें शेतीवर ओढला. धाकट्या भावाच्या हातांतलें पुस्तक अंतोनियोस डोळ्यांसमोर खपत नसे. घरांतला तंटा विकोपास जाऊं लागला तेव्हां आईनें काळजावर दगड ठेवून जोव्हान्नीस दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठविलें. बारा वर्षांच्या सुमाराचा हा मुलगा मोलिया नांवाच्या कुटुंबाकडे पावणेदोन-दोन वर्षें काम करून राहिला. बापाविना वाढलेल्या आणि घराबाहेर पडलेल्या मुलाच्या मनांत काय चालतें, हें पुढें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

हा मुलगा स्वभावतः शांत होता असें मात्र कोणीं समजूं नये. नवव्या वर्षीं पडलेलें एक स्वप्न त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. त्या स्वप्नांत अभद्र बोलणाऱ्या पोरांवर ते मुठी आवळून धांवून गेले, आणि एका तेजस्वी पुरुषानें त्यांस अडवून, ठोशांनीं नव्हे तर सौम्यपणानें या मुलांस आपलेंसें करावें अशी आज्ञा केली. आज्ञा समजली, पण अंगीं बाणावयास बरींच वर्षें लागलीं. जत्रेंतल्या डोंबाऱ्यांचे खेळ पाहून जोव्हान्नी दोरीवरून चालावयास व हातचलाखी करावयास शिकला. सुटीच्या दिवशीं वाडीवरचीं मुलें व मोठीं माणसेंही खेळ पाहावयास जमत. फी एवढीच कीं, आधीं सर्वांनीं प्रार्थना करावी आणि सकाळचें प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हां ऐकावें!

१८३१ सालीं तो कियेरी नांवाच्या गांवीं शिकावयास गेला. खानावळीचे पैसे भरावयाचे म्हणून त्यानें शिंप्याकडे टांके घातले, कॉफीगृहांत कप उचलले, मिठाई करण्याचीही विद्या उचलली. याच गांवीं कुसंगति म्हणजे काय तें त्यास प्रथम जवळून दिसलें. एका सोबत्यानें जुगाराची गोडी लावूं पाहिली; एकानें तर घरमालकिणीची एक मौल्यवान वस्तु चोरून आणण्याची मसलत दिली, आणि तीही कशासाठीं, तर गोळ्या-मिठाई विकत घेण्यासाठीं! आमच्या वाचकांपैकीं ज्यांस असला सल्ला कधीं मिळालाच नाहीं ते भाग्यवान. जोव्हान्नी अशांपासून दूर राहिला, पण एकलकोंडा झाला नाहीं. त्यानें आपल्याच वयाच्या मुलांची एक आनंदमंडळी काढली. नियम अगदीं थोडे होते : ख्रिस्ती मुलास न शोभणारें बोलूं वा करूं नये, आपला अभ्यास व धर्मकृत्यें चुकवूं नयेत, आणि सदा आनंदी असावें. वाईट मंडळी सोडावयाची तर तिच्या जागीं दुसरी मंडळी उभी करावी लागते, ही गोष्ट हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतां समजून चुकला होता. आम्हां मोठ्यांस ती पुष्कळदां सुचत नाहीं. आम्ही मित्र तोडावयास सांगतों आणि मुलास रिकाम्या खोलींत बसवितों.

मुठी मात्र अजून शिवशिवत होत्या. लुइजी कोमोल्लो नांवाच्या त्याच्या गरीब स्वभावाच्या मित्रास वर्गांतल्या दांडगटांनीं मारलें, तेव्हां जवळ कांहीं सांपडेना म्हणून जोव्हान्नीनें एका मुलासच खांद्यांशीं धरून उचललें आणि त्याचाच सोटा करून बाकीच्यांस झोडपलें. ज्याच्यासाठीं हें केलें त्या कोमोल्लोनेंच मागाहून त्याची कानउघाडणी केली कीं, देवानें बळ दिलें तें सोबत्यांस चिरडण्यासाठीं नव्हे.

ता. ५ जून १८४१ रोजीं ते धर्मगुरु झाले आणि पुढील अभ्यासासाठीं तुरिन शहरांत आले. तेथें फादर काफास्सो हे वडीलधारे गुरु त्यांस शहरांतले तुरुंग पाहावयास घेऊन गेले. बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, तल्लख पोरें तेथें रिकामीं बसलेलीं, किड्यांनीं फोडलेलीं, पोटभर भाकरीवांचून तडफडणारीं होतीं. सर्वांत भयंकर गोष्ट निराळीच होती. कांहीं मुलें पुन्हां चांगलें वागण्याचा निश्चय करून सुटत, आणि थोड्याच दिवसांत तुरुंगांत परत येत. डॉन बॉस्को यांनीं चौकशी केली तेव्हां आढळलें कीं, सुटलेल्या मुलास बाहेर कोणीच नसतें. ज्या थोड्यांस कोणी विचारपूस करणारा, काम लावून देणारा, सुटीच्या दिवशीं जवळ बसविणारा भेटला, ते परत येईनात. मग असा माणूस त्यांस तुरुंगांत जाण्याआधींच भेटला असता तर? त्यांच्या पुढच्या आयुष्याचें सारें कार्य या एका प्रश्नांतून निघालें आहे.

त्या काळीं तुरिन झपाट्यानें वाढत होतें. नव्या इमारतींच्या कामावर खेड्यांतून पोरें येत. कोणी गवंड्याच्या हाताखालीं, कोणी धुराडीं झाडावयास. आठवडाभर राबावें आणि रविवारीं हातांत चार पैसे घेऊन रस्त्यांत उभें राहावें, असा त्यांचा क्रम. ता. ८ डिसेंबर १८४१ रोजीं संत फ्रान्सिस यांच्या देवळांत असाच एक सोळा वर्षांचा अनाथ गवंडी, बार्तोलोमेओ गारेल्ली, उपासनेच्या सामानाच्या खोलींत शिरला. उपासनेस मदत करतां येत नाहीं असें कळतांच देवळाच्या नोकरानें त्यास काठीनें हाणून घालविलें. डॉन बॉस्को यांनीं त्यास माघारें बोलाविलें. लिहितां येतें का, वाचतां येतें का, गातां येतें का, असें विचारलें. प्रत्येक वेळीं नकार. शेवटीं शीळ घालतां येते का, असें विचारलें तेव्हां तो पोर हंसला. त्या हंसण्यापासून कामास आरंभ झाला. पुढच्या रविवारीं तो आपल्या मित्रांस घेऊन आला, आणि थोड्याच वर्षांत मुलांची संख्या शेंकड्यांवर गेली.

एवढ्या दंगेखोर पोरांस जागा कोण देणार? १८४४ ते १८४६ या काळांत ही मंडळी दवाखान्याशेजारून स्मशानभूमींत, तेथून पिठाच्या गिरण्यांपाशीं, तेथून एका उघड्या माळावर अशी हुसकली जात होती. नगराधिकारी मार्क्विस कॅव्हूर यांस यांत बंडाचा वास येई. स्नेह्यांस वाटलें कीं, डॉन बॉस्को यांचें डोकें फिरलें आहे. दोघे धर्मगुरु गाडी घेऊन त्यांस वेड्यांच्या इस्पितळांत न्यावयास आले. त्यांचा बेत ओळखून डॉन बॉस्को यांनीं आधीं त्या दोघांस गाडींत चढूं दिलें, दार लावलें आणि गाडीवानास निघावयास सांगितलें. इस्पितळांत त्या दोघांची सुटका होण्यास बरीच खटपट पडली म्हणतात!

१८४६ च्या ईस्टरच्या दिवशीं व्हाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या माणसाची एक बुटकी पडवी भाड्यानें मिळाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांची आई गांव सोडून मुलाबरोबर येथें राहावयास आली. आतां मुलांस रात्रीचा आसराही देतां येऊं लागला. पण पहिला अनुभव कडू होता. आसरा दिलेलीं पोरें सकाळीं पांघरुणें घेऊन पसार झालीं! तरी दार बंद झालें नाहीं. मार्गेरिताबाईंनीं लाविलेली भाजी पोरांनीं लढाईच्या खेळांत तुडविली, धुतलेले कपडे चिखलांत पाडले. तेव्हां मात्र त्या माउलीनें गांवीं परत जाण्याचें काढलें. मुलानें कांहीं न बोलतां भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखविलें. ती परत कामास लागली आणि १८५६ सालीं मरेपर्यंत त्या पोरांचींच ठिगळें लावीत राहिली.

रविवारचा खेळ व रात्रीची शाळा एवढ्यानें भागत नाहीं; सोमवारीं मुलगा ज्या धन्याच्या हाताखालीं जातो तो कसा आहे हेंही पाहिलें पाहिजे, असें डॉन बॉस्को यांचें मत होतें. त्यांनीं उमेदवार मुलांसाठीं धन्यांशीं लेखी करार केले. १८५२ सालचा एका सुताराशीं केलेला असा करार प्रसिद्ध आहे. धन्यानें मुलास तोंडानें समजवावें, मारूं नये. धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत. सणावारीं मोकळें सोडावें. वेतन ठरल्याप्रमाणें द्यावें. आणि मुलानें आज्ञेंत राहावें, अशा त्यांतील अटी आहेत. पुढें १८५३ पासून चांभारकाम, शिंपीकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई असे कारखाने त्यांनीं आपल्याच घरांत काढले.

तुरिनमध्यें जेनेराला नांवाचा अल्पवयी गुन्हेगारांचा तुरुंग होता. १८५५ सालीं त्यांतील तीनशेंहून अधिक मुलांस पहारेकऱ्यांवांचून दिवसभर स्तुपिनीजी येथें हिंडावयास नेण्याची परवानगी डॉन बॉस्को यांनीं मंत्री रात्ताझ्झी यांजकडे मागितली व मिळविली, आणि संध्याकाळीं एकूणएक मुलगा परत आला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

परंतु आम्हांस याहून अधिक मोलाची वाटते ती मिकेले मागोने या एकट्या मुलाची हकीकत. १८५७ च्या शरद ऋतूंत एके संध्याकाळीं डॉन बॉस्को कार्मान्योला स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. दाट धुकें पडलें होतें, आणि त्या धुक्यांतून पोरांचा आरडाओरडा व त्या सर्वांवर हुकूम सोडणारा एक आवाज ऐकूं येत होता. ते त्या दिशेनें गेले. बाकीचीं पोरें पळालीं. सेनापति मात्र कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि आमच्या खेळांत येणारे तुम्ही कोण, असा त्यानें जाब विचारला. वय बारा-तेरा, बाप वारलेला, आई लोकांच्या घरीं राबणारी, शाळेंतून काढलेलें. धंदा काय, तर कांहीं न करणें! डॉन बॉस्को यांनीं त्या उर्मटपणाबद्दल एक शब्दही काढला नाहीं. गाडी सुटण्याच्या आंत त्यांनीं त्याचें नांवगांव विचारलें, एक पदक हातीं दिलें, आणि गांवच्या धर्मगुरूंस भेटावयास सांगितलें. थोड्याच दिवसांत मागोने व्हाल्दोक्कोस आला. त्याच्यावर पाळत न ठेवतां त्यांनीं एक समंजस मोठा मुलगा त्याच्या सोबतीस दिला. महिनाभर मागोनेनें पटांगण डोक्यावर घेतलें, आणि मग तो एकाएकीं गप्प झाला, एकटाच रडे. जें पोरगें सर्वांत मोठ्यानें ओरडतें त्याच्या आंत काय सांचलेलें असतें, हें डॉन बॉस्को यांस ठाऊक होतें. त्यांनीं जवळ घेऊन विचारलें, आणि मनावरचें ओझें उतरल्यावर तो पुन्हां हंसूं लागला. स्वभाव कांहीं बदलला नाहीं. एकदां रस्त्यांत एका मुलानें देवाचें नांव घेऊन शिवी दिली, तेव्हां मागोनेनें त्याच्या दोन थोबाडींत दिल्या आणि डॉन बॉस्को यांस मध्यें पडून दोघांस सोडवावें लागलें! कोमोल्लोची गोष्ट त्यांस त्या वेळीं नक्की आठवली असेल. ता. २१ जानेवारी १८५९ रोजीं हा मुलगा अल्पशा दुखण्यानें वारला. डॉन बॉस्को यांनीं त्याचें चरित्र स्वतः लिहून १८६१ सालीं प्रसिद्ध केलें.

१८५९ सालीं त्यांनीं सोबत्यांचा सालेशियन संघ स्थापिला. आज शंभराहून अधिक देशांत त्याचें काम चालतें, आणि १९०६ सालीं या संघाचे पहिले लोक भारतांत तंजावर येथें आले. १८७७ सालीं त्यांनीं आपली पद्धति एका छोट्या निबंधांत मांडली. नियम सांगावा, मग दूर उभें राहून मोडणाऱ्यास पकडावें व शिक्षा करावी, ही एक रीत. ती सैन्यास बरी. मुलांमध्यें नेहमीं हजर राहावें आणि चूक करण्याची वेळच येऊं देऊं नये, ही दुसरी. तिचे आधार तीन : समजूत, धर्म आणि माया. ही रीत मुलास सोपी आणि मोठ्यांस कठीण आहे, हें ते मोकळेपणानें कबूल करतात. शिक्षेस लागतो एक क्षण. हजर राहावयास सारा दिवस लागतो. तिला सर्वत्र यश आलें असेंही नाहीं. चोरीसारख्या कारणांवरून कांहीं मुलांस त्यांनाही घरीं पाठवावें लागलें.

खुद्द त्यांच्या शाळेंतही ही रीत ढिली पडूं लागली होती. ता. १० मे १८८४ रोजीं त्यांनीं रोमहून व्हाल्दोक्कोच्या मंडळीस एक लांब पत्र पाठविलें. स्वप्नांत त्यांस जुनें पटांगण दिसलें : धांवणारीं मुलें आणि त्यांच्यांतच धांवणारे शिक्षक. मग आतांचें पटांगण दिसलें : मुलें खांबांना टेकून कुजबुजत उभीं, कांहीं नजर चुकवून कोपऱ्यांत गेलेलीं, आणि शिक्षक आपसांत बोलत येरझारा घालीत आहेत. त्या पत्रांतला सारा ठपका मोठ्यांवर आहे. मुलांवर प्रेम करणें पुरेसें नाहीं, तें त्यांस कळलें पाहिजे, असा त्याचा आशय.

शेवटच्या वर्षांत त्यांचे पाय चालेनात आणि एक डोळा गेला. तरी १८८७ च्या डिसेंबरांतही वरच्या वर्गांतलीं मुलें एकेक करून त्यांच्या खोलींत येत आणि आपल्या मनांतलें सांगून जात. ता. ३१ जानेवारी १८८८ रोजीं पहांटे, वयाच्या ७३ व्या वर्षीं, त्याच व्हाल्दोक्कोच्या घरांत त्यांनीं देह ठेविला.