निसर्गचित्र, अमूर्तता आणि ना. श्री. बेंद्रे

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांचे स्थान सर्वमान्य असले, तरी त्यांच्या कलाजीवनासंबंधी एक आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. त्यांनी अनेक शैली हाताळल्या, परंतु एकीतही ते स्थिरावले नाहीत, असे त्या आक्षेपाचे स्वरूप आहे. निसर्गचित्रण, घनवादी रचना, अमूर्त चित्रे आणि अखेरीस बिंदूंनी विणलेली आकृतिचित्रे असा त्यांचा प्रवास झाला. अमूर्ततेपर्यंत पोहोचून पुन्हा दृश्य जगाकडे वळलेल्या ह्या चित्रकाराला माघार घेतलेला कलावंत म्हणावे काय, हा प्रश्न केवळ त्यांच्यापुरता मर्यादित नाही. कलाविकास म्हणजे वास्तवाकडून शुद्ध आकाराकडे होणारी सरळ वाटचाल, हे गृहीत कितपत टिकते, ह्याचीच परीक्षा त्यात होते.

१

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. होळकरांच्या ह्या राजधानीत मराठी भाषकांचा मोठा समाज पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेला होता. तेथील चित्रशाळेची धुरा दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांच्याकडे होती. बेंद्रे त्यांचे शिष्य झाले. विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी, सोलेगावकर हे चित्रकारही ह्याच परंपरेत घडले. परीक्षांचा अभ्यासक्रम मुंबईचा असला, तरी देवळालीकरांनी विद्यार्थ्यांच्या दृष्टीवर त्याचे ओझे पडू दिले नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेले. इंदूरच्या गल्ल्या, जुने वाडे, नदीकाठचे घाट आणि माळव्यातील उघडे आकाश हीच त्यांची शाळा बनली.

ह्या शिक्षणाचे वैशिष्ट्य मुंबईशी तुलना केल्यास स्पष्ट होते. मुंबईच्या निसर्गचित्रणात पारदर्शक जलरंगाची एक संपन्न परंपरा होती. कागदाचा पांढरेपणा राखून त्यावरून रंगाचे ओघवते थर देणे हे तिचे कौशल्य होय. इंदूरच्या तरुणांनी अपारदर्शक जलरंग आणि तैलरंग ह्यांचा जाडसर, तुटक फटकारा अधिक जवळचा मानला. पाश्चात्त्य दृक्‌प्रत्ययवाद्यांचे संस्कार त्यामागे होते. पण तसा फटकारा मारण्याची गरज भर उन्हात, जागेवर बसून काम करताना आपोआपच निर्माण होत असे. सावली सरकते, भिंतीवरचे ऊन पाहता पाहता पिवळ्याचे तांबूस होते. अशा वेळी तपशील टिपत बसण्यास अवधी नसतो. काय सोडावयाचे ह्याचा निर्णय क्षणात करावा लागतो. दृश्यातून सार तेवढे उचलण्याची ही सवय बेंद्रे यांना विशीतच लागली, आणि त्यांच्या पुढील सर्व प्रयोगांचे बीज तीतच शोधावे लागते.

१९३३ साली त्यांनी मुंबईची शासकीय कलापदविका मिळविली. १९३४ मध्ये ‘व्हॅगाबाँड’ ह्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले, तर १९४१ मध्ये त्याच संस्थेचे सुवर्णपदक त्यांच्या वाट्याला आले. इंदूरच्या रस्त्यांवर उघड्यावर चित्रे रंगविणाऱ्या ह्या तरुणाचा प्रभाव त्याच शहरात वाढणाऱ्या मकबूल फिदा हुसेन यांच्यावरही पडला.

२

१९३६ नंतरची सुमारे तीन वर्षे बेंद्रे यांनी काश्मीरमध्ये घालविली. पर्यटकांसाठी असलेल्या तेथील शासकीय कार्यालयात ते चित्रकार-पत्रकार म्हणून काम करीत. माळव्याच्या कोरड्या, कडक उन्हात तयार झालेल्या डोळ्यांना येथे धुके, बर्फ आणि पाण्यावरील प्रतिबिंबे ह्यांना सामोरे जावे लागले. आकारांच्या कडा विरघळविणारा हा प्रकाश पूर्वीच्या ठाशीव फटकाऱ्याला सहजी वश होणारा नव्हता. प्रदेश बदलला की तंत्रही बदलावे लागते, हा धडा त्यांना निसर्गानेच दिला. शैली ही चित्रकाराची कायमची मालमत्ता नसून समोरच्या विषयाशी केलेला तात्पुरता करार आहे, अशी त्यांची पुढील वृत्ती दिसते. तिचे मूळ ह्या स्थलांतरांत आहे.

१९४५ मध्ये शांतिनिकेतनातील वास्तव्यात नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांच्या कामाशी त्यांचा निकटचा परिचय झाला. रेषेची लय आणि सपाट अवकाशाची भारतीय जाण ह्यांकडे त्यांचे लक्ष तेथे वेधले गेले. १९४७–४८ मध्ये ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टूडंट्स लीगमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये त्याच शहरात त्यांचे प्रदर्शन भरले. परतीच्या वाटेवर युरोपातील आधुनिक चित्रे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. तोवर छापील प्रतिकृतींतून परिचित असलेली कला आता मूळ रंगांत आणि मूळ आकारमानात त्यांच्यासमोर उभी राहिली.

३

१९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकला विभागाची जबाबदारी बेंद्रे यांच्याकडे आली. १९५९ मध्ये ते विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. व्याख्यानापेक्षा विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष चित्र रंगवून दाखविणे ही त्यांची अध्यापनपद्धती होती. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम रसूल संतोष, रतन परिमू, गुलाम मोहम्मद शेख असे परस्परांहून सर्वस्वी भिन्न चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकले. ह्यांपैकी कोणीही बेंद्रे यांची प्रतिकृती झाला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्‌स’मागेही त्यांची प्रेरणा होती.

त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांचा बहराचा काळही हाच. ‘सूर्यफुले’सारख्या चित्रात त्यांनी घनवादी विश्लेषणाला भारतीय रंगांची ऊब दिली. ‘काटा’ ह्या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. त्यानंतर त्यांची चित्रे क्रमाने अमूर्ताकडे सरकली. विषय मागे पडला आणि रंगपृष्ठांचे परस्परसंबंध हाच चित्राचा आशय ठरू लागला.

मराठी समीक्षेतील एक समांतर घटना येथे लक्षात घ्यावयास हवी. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ १९५५ मध्येच प्रसिद्ध झाला. संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींनी बांधलेली संवेदनांची रचना म्हणजे सौंदर्य, ही त्यांची भूमिका अमूर्त चित्राला सर्वांत सहज लागू पडते. ह्या निकषावर बेंद्रे यांनी अमूर्ततेतच थांबावयास हवे होते. तसे घडले नाही. १९६६ मध्ये विद्यापीठाची सेवा सोडून ते मुंबईस स्थायिक झाले आणि पुढील काळात त्यांच्या चित्रांत माणसे, जनावरे, झाडे व ग्रामीण स्त्रिया परतल्या.

४

हे परतणे म्हणजे जुन्या जागी येणे नव्हे. उत्तरकालीन चित्रांत बेंद्रे यांनी शुद्ध रंगांचे बिंदू शेजारी शेजारी ठेवून आकार घडविले. दुरून पाहता त्यांत ओळखीच्या आकृती दिसतात. जवळ गेल्यास त्या विरतात आणि उरतो तो केवळ रंगकणांचा स्पंदमान पट. अमूर्त चित्रांत कमावलेली रंगपृष्ठाची स्वायत्तता अशा रीतीने आकृतीच्या पोटातच नांदू लागली. हा प्रकाश मात्र उघड्यावर टिपलेला नसून अर्धशतकाच्या निरीक्षणानंतर स्मृतीतून रचलेला आहे.

सय्यद हैदर रझा यांच्याशी तुलना केल्यास हे वेगळेपण ठळक होते. नागपूर व मुंबई येथे शिकलेले रझाही प्रारंभी निसर्गचित्रकारच होते. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि त्यांची कला कालांतराने ‘बिंदू’ ह्या प्रतीकात स्थिरावली. रझांचा बिंदू सर्व दृश्यांना आपल्यात सामावून घेतो. बेंद्रे यांचे बिंदू पुन्हा दृश्य निर्माण करतात. एकाला निसर्गातून अमूर्त तत्त्व गवसले, दुसऱ्याने अमूर्ताचा उपयोग निसर्ग नव्याने पाहण्यासाठी केला. ह्यांत उच्चनीच ठरविण्याचे कारण नाही. दोन्ही वाटा निसर्गचित्रातूनच फुटल्या आहेत.

१९६९ मध्ये पद्मश्री आणि १९७४ मध्ये ललित कला अकादमीचे अधिछात्रपद हे सन्मान बेंद्रे यांना मिळाले. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत त्यांचे निधन झाले. एका शैलीच्या मोजपट्टीने पाहिल्यास त्यांचा प्रवास विस्कळीत वाटतो. परंतु शैलीऐवजी दृष्टी हा निकष घेतला, तर इंदूरच्या उन्हातील भिंतीपासून अखेरच्या रंगबिंदूंपर्यंत एकच शोध अखंड चालू असल्याचे दिसते : प्रकाशाने आकार कसा घडतो आणि कसा विरतो. अमूर्तता हा त्या शोधातील एक आवश्यक टप्पा होता. तिथे पोहोचणे जितके महत्त्वाचे होते, तितकेच तिथून सोबत काय आणले हेही महत्त्वाचे ठरते. आणि बेंद्रे रिकाम्या हाताने परतले नाहीत, ह्याची साक्ष त्यांची अखेरची चित्रे देतात.