शेठ वालचंद हिराचंद : पुरुषार्थाचा दीपस्तंभ

सोलापूरच्या भूमीने जैन समाजाला आणि देशाला जी नररत्ने दिली, त्यांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया परकीय सत्तेच्या काळात घालण्याचे धाडस करणारा हा पुरुष एका धर्मनिष्ठ दिगंबर जैन कुटुंबात दिनांक 23 नोव्हेंबर 1882 रोजी जन्मास आला. त्यांचे पूर्वज सौराष्ट्रातून व्यापारानिमित्त महाराष्ट्रात आले आणि येथील मातीशी एकरूप झाले. जन्मानंतर अल्पावधीतच वालचंदांचे मातृछत्र हरपले.

पिताश्री हिराचंद नेमचंद हे सोलापुरातील प्रतिष्ठित सावकार आणि कापसाचे व्यापारी होते. परंतु त्यांची खरी ओळख समाजसुधारक म्हणून होती. 'जैन बोधक' हे मासिक सुरू करून त्यांनी शिक्षण, धर्मज्ञान आणि रूढीनिवारण यांचा प्रसार केला. मिळवलेले धन समाजाच्या उपयोगी पडावे आणि सत्य वाटेल ते बोलताना स्वजनांच्या रोषाचीही भीती बाळगू नये, हे संस्कार वालचंदांना घरातच मिळाले. वडिलांनी ज्या निर्भयतेने समाजातील जुन्या चालीरीतींना प्रश्न विचारले, त्याच निर्भयतेने पुढे पुत्राने परकीय मक्तेदारीला आव्हान दिले. या अर्थाने त्यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच होत.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मात्र पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढी स्थिर होती, नाव मोठे होते, वाट ठरलेली होती. तरीही व्याजबट्टा आणि कापसाची खरेदी-विक्री यांत त्यांचे मन रमेना. स्वतंत्रपणे केलेल्या व्यापारात त्यांना तोटाही सोसावा लागला. अशा वेळी त्यांची गाठ श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, पण बांधकामाची माहिती आणि सचोटी होती. वालचंदांपाशी पत होती आणि काम शिकण्याची तयारी होती. 'फाटक-वालचंद' ही भागीदारी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून तिचा प्रारंभ झाला. सावकाराच्या मुलाने खडी, माती आणि मजूर यांच्या कामात उतरावे, ही गोष्ट त्या काळी पेढीच्या परंपरेला परकी होती. परंतु वालचंदांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक वळण हेच ठरले. कामाच्या ठिकाणी उभे राहून खर्चाचा अंदाज बांधणे, मुदतीत काम पुरे करणे आणि जाणकाराला बरोबरीचा मान देणे हे धडे त्यांनी फाटकांच्या सहवासात घेतले. पुढे 1926 साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी अवघड कामे त्यांच्या नेतृत्वाखाली पार पडली.

1919 साली रेल्वेच्या प्रवासात त्यांच्या कानी आले की, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीस आहे. जहाजधंद्याचा काडीचा अनुभव नसताना त्यांनी ते घेण्याचे ठरविले. शेठ नरोत्तम मोरारजी, शेठ किलाचंद देवचंद आणि सर लल्लूभाई सामळदास या अनुभवी मंडळींच्या सहकार्याने दिनांक 27 मार्च 1919 रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली आणि 5 एप्रिल रोजी 'लॉयल्टी'ने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले. हाच दिवस 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. भारतीय किनाऱ्यावरील वाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. त्यांनी मालवाहतुकीचे दर इतके उतरविले की, नव्या कंपनीचा टिकाव लागणे अशक्य वाटावे. कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही पुढे आला. भागधारकांचा पैसा बुडत असताना तो स्वीकारणे व्यवहाराला धरूनच झाले असते. पण सिंदियाने तो नाकारला. मात्र तगून राहण्यासाठी 1923 साली दहा वर्षांच्या एका कराराला मान तुकवावी लागली. त्याने कंपनीच्या जहाजांच्या क्षमतेवर आणि कार्यक्षेत्रावर बंधने आली. हा करार वालचंदांना पायातील बेडीसारखा वाटे. तरीही कंपनी जिवंत राहिली तर बेडी तुटण्याचा दिवस येईल, ती विकली गेली तर तो कधीच येणार नाही, एवढा विवेक त्या निर्णयात होता. शेठ नरोत्तम मोरारजींकडून त्यांनी हा संयम शिकला, असे म्हणण्यास हरकत नाही. 1929 साली नरोत्तम शेठांचे निधन झाले आणि अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली; ती त्यांनी 1950 पर्यंत वाहिली.

जहाजे चालविणे पुरेसे नाही, ती देशात बांधली गेली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. कलकत्त्यास जागा मिळेना म्हणून त्यांनी विशाखापट्टणम निवडले. दिनांक 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे गोदीचा शिलान्यास झाला. दिनांक 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरले. तत्पूर्वी, डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची उभारणी केली होती. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. याच कंपनीची पद्मिनी पुढे मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत परिचित झाली आणि 2023 साली तिने रस्त्यांचा निरोप घेतला.

शेतीकडेही त्यांचे लक्ष होते. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे 1923 पासून त्यांनी खडकाळ जमीन लागवडीखाली आणली. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ऊस, साखर कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. तेच आजचे वालचंदनगर.

इतका विस्तार करणाऱ्या पुरुषाकडे अपरिग्रहाच्या दृष्टीने कसे पाहावे, असा प्रश्न जैन वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वालचंद विरक्त नव्हते आणि तसा आव त्यांनी कधी आणला नाही. एका उद्योगाच्या पतीवर दुसरा उभारण्याची त्यांची रीत सावध व्यापाऱ्याला धास्ती वाटावी अशीच होती. परंतु श्रावकाच्या व्रतात संपत्ती मिळविण्यास बंदी नाही; तिच्यावरील आसक्तीला मर्यादा आहे. वालचंदांच्या जीवनात या मर्यादेची परीक्षा दोनदा झाली. युद्धकाळात, 1942 साली, विमान कारखाना सरकारने ताब्यात घेतला. 1952 साली विशाखापट्टणमची गोदीही बहुतांशी सरकारच्या मालकीची झाली. जे स्वप्न स्वतः पाहिले, ते दुसऱ्याच्या हाती जाताना त्यांना वेदना झाल्या असतीलच. पण कारखाने बंद पडले नाहीत. पहिल्यातून 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स आकारास आली. दुसरी गोदी हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून आजही जहाजे बांधते. उलट, ज्या सिंदियासाठी ते आयुष्यभर झुंजले, ती कंपनी काळाच्या ओघात लयास गेली. मालकी गेली ते टिकले आणि जिवापाड जपले ते गेले. अनित्य भावनेचे याहून बोलके उदाहरण व्यवहारात क्वचितच सापडेल.

1949 साली पक्षाघाताने त्यांची प्रकृती खालावली आणि पुढील वर्षी ते कारभारातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात धर्मपत्नी कस्तुरबाईंनी त्यांची अहोरात्र सेवा केली. दिनांक 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या पश्चात लालचंद, रतनचंद व गुलाबचंद या बंधूंनी उद्योगांची परंपरा चालविली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि 2004 साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे स्मरणतिकीट काढले.

आपल्या समाजातील तरुण आज वडिलांच्या दुकानात बसावे की नवी वाट धरावी, अशा द्विधा मनःस्थितीत असतो. वालचंदांचे चरित्र त्याला एवढेच सांगते की, पेढी सोडली तरी पेढीवरची सचोटी सोडू नये, आपल्यापेक्षा जाणता माणूस कारकून असला तरी त्याच्याकडून शिकावे आणि उभारलेले कार्य आपल्यानंतरही चालेल अशा रीतीने उभारावे. या कर्मयोगी श्रावकाच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!