कोलारचे सोने आणि कावेरीचे पाणी

कोलार म्हटले की सोने आणि विश्वेश्वरय्या म्हटले की धरण, एवढे आपण शाळेत शिकतो. पण या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे मला अलीकडेच कळले. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांवर लेख येतातच. त्यांच्या नोकरीची सुमारे पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली, म्हणून मराठी विभागातही त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

त्यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा. हे गाव आज चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात असले, तरी त्या काळी ते कोलार जिल्ह्यातच होते. वडील लवकर गेले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला बी.ए. केले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आले. १८८३ मध्ये ते परीक्षेत पहिले आले व पुढच्या वर्षी इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवात नाशिकला झाली, मग खानदेशात. साक्रीकडे दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी नदीपात्राखालून नळ नेला. पुढे सक्करची पाणीयोजना करून ते सुरतेस कार्यकारी अभियंता म्हणून आले. आमच्या लिंबायतमध्ये निम्मी घरे खानदेशातून आलेली. आमच्या आधी साठ-सत्तर वर्षे हा मोठा माणूस त्याच वाटेने सुरतेस येऊन गेला, याचे मला कौतुक वाटते. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले.

तिकडे कोलारला १८८० नंतर जॉन टेलर या इंग्रज कंपनीने सोन्याच्या खाणी जोरात चालवल्या होत्या. चॅम्पियन रीफची खाण तर पुढे तीन किलोमीटरहून खोल गेली. इतक्या खोलातून दगड वर काढायचा, झिरपणारे पाणी उपसायचे आणि खाली हवा पोचवायची. ही कामे यंत्राविना होत नाहीत. त्यासाठी १९०२ मध्ये कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजघर उभे राहिले आणि सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून वीज खाणीत आली. बंगळूर शहराला दिवे मिळाले ते त्यानंतर, १९०५ मध्ये.

पण उन्हाळ्यात कावेरी आटे आणि वीज कमी पडे. वीज नसणे म्हणजे काय, हे लिंबायतच्या माणसाला सांगायला नको. माग थांबला की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग जमिनीखाली काम करणाऱ्यांचे काय होत असेल!

यावर उपाय म्हणून विश्वेश्वरय्यांनी कन्नंबाडीला धरणाची योजना मांडली. धरणाच्या साठ्यातून बारा महिने खाणींना वीज द्यायची आणि तेच पाणी मंड्याकडच्या कोरड्या शेतांना द्यायचे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला यातला हिशेब फार आवडला. शेतीचे उत्पन्न यायला वर्षे लागतात, पण रोख पैसे देणारे गिऱ्हाईक खाणीच्या रूपाने तयारच होते. खर्चावरून दरबारात शंका निघाल्या, तरी महाराज कृष्णराज वाडियारांनी मंजुरी दिली व १९११ मध्ये काम सुरू झाले. मद्रास सरकारच्या हरकतीमुळे आधी कमी उंचीची परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुऱ्या उंचीच्या हिशेबाने घातला. तो तंटा १९२४ च्या कराराने मिटला.

१९१२ मध्ये ते दिवाण झाले. ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्यास त्यांचा विरोध होता. त्या मतभेदातून १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले. या बाबतीत त्यांचे मत मला पटत नाही, पण पद सोडायला ते कचरले नाहीत हेही खरे. अडीच किलोमीटरहून लांब असे हे कृष्णराजसागर धरण पुढे १९३१ च्या सुमारास पुरे झाले. त्यात जुने कन्नंबाडी गाव बुडाले, हीही किंमत नोंदवली पाहिजे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरी ओलांडून १४ एप्रिल १९६२ रोजी ते वारले.

कोलारच्या खाणीतून शंभराहून अधिक वर्षांत सुमारे ८०० टन सोने निघाले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. आता तिथे शाफ्टवरचे लोखंडी सांगाडे, सायनाईडच्या मातीचे राखाडी डोंगर आणि मजुरांच्या चाळी उरल्या आहेत. खाणकामगारांची मुले रोज पहाटे रेल्वेने बंगळूरला कामाला जातात.

आमच्या वहीखात्यात खाण ही झिजत जाणारी मालमत्ता धरतात, कारण काढलेले सोने परत भरून येत नाही. धरण मात्र पावसाने पुन्हा भरते. संपणाऱ्या धंद्याच्या पैशातून न संपणारे काही उभे करावे, हा धडा मला या चरित्रातून मिळाला. कोलारच्या कामगारांसाठी तसे काही वेळेवर उभे राहिले नाही, याची हळहळही वाटते. आपल्याकडेही धंदे येतात नि जातात. ते चालू असतानाच हा विचार व्हायला हवा.