पडद्यामागचे पाणी आणि डॉ. ग्रेफे

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, न फाटताही जागेवरून उचलला जाऊ शकतो. त्याच्याखाली पाणी साचते, नजर धूसर होते, सरळ रेषा वाकड्या दिसतात. अशा एका विकाराचे वर्णन १८६६ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी केले.

ग्रेफे यांचा जन्म २२ मे १८२८ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील नामांकित शल्यचिकित्सक होते. मुलगा बारा वर्षांचा असताना ते वारले. ग्रेफे एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर झाले. पुढे पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडन येथे शिकून ते बर्लिनला परतले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले आणि ग्रेफे यांनी ते लगेच हाती घेतले. त्यांच्या दवाखान्यात गरिबांवर मोफत उपचार होत. १८५४ मध्ये त्यांनी नेत्रविज्ञानाचे नियतकालिक सुरू केले, तर १८५७ मध्ये काचबिंदूवरची शस्त्रक्रिया मांडली.

१८६६ मध्ये वर्णन केलेल्या विकारात नजर मंदावे, सुधारे आणि पुन्हा मंदावे. ग्रेफे यांनी हा पडद्याचा दाह मानला आणि सिफिलिसचा संशय घेतला. त्यांच्या उपकरणातून पडदा दिसे, पण पाणी कुठून झिरपते ते कळत नसे. १९६० च्या दशकात शिरेतून रंगद्रव्य देऊन डोळ्याची छायाचित्रे घेता येऊ लागली, तेव्हा ही गळती पडद्यामागच्या थरांतून होते आणि मूळ कारण दाह नाही, हे उलगडले. त्याआधी १९२६ मध्ये जपानचे हरादा यांनी खऱ्या दाहामुळे पाणी साचण्याचा आजार नोंदवला होता.

हा फरक महत्त्वाचा आहे. हरादांच्या आजारात स्टिरॉइड लवकर आणि पुरेशा मात्रेत द्यावी लागतात. ग्रेफेंच्या विकारात तीच औषधे नुकसान करू शकतात. त्यामुळे आता ओसीटी तपासणीत पडद्याचे थर पाहतात, दोन्ही डोळे तपासतात, डोकेदुखी किंवा कानात आवाज येतो का ते विचारतात. दाहाची शंका असल्यास सिफिलिसची रक्तचाचणीही करतात. ग्रेफेंचा संशय त्या यादीत आजही टिकून आहे.

क्षयाने २० जुलै १८७० रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी ग्रेफे यांचे निधन झाले. नजरेसमोर अचानक धूसर डाग दिसू लागला, तर नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे. स्टिरॉइडची गोळी, पंप किंवा मलम सुरू असल्यास तेही आवर्जून सांगावे. मात्र औषध स्वतःहून बंद करू नये.