पंडित प्राणनाथ : एका स्वरसंगमाचे चरित्र

दोन संगीतपरंपरांचा संगम झाला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते? सतारीशेजारी गिटार वाजली की संगम झाला, असा एक समज आहे. पंडित प्राणनाथ यांचे चरित्र वाचताना हा समज आपण तपासून पाहावा.

प्राणनाथांचा जन्म ३ नोव्हेंबर १९१८ रोजी लाहोर येथे झाला. संगीताला घरून विरोध असल्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचा आश्रय घेतला. मराठी रसिकांना परिचित असलेल्या हिराबाई बडोदेकर यांचेही हेच गुरू. गुरूंच्या घरी राहून सेवा करावी आणि त्यांचा रियाज कानांत साठवावा, असे ते शिक्षण होते. एकेका स्वराची सावकाश बढत आणि स्वरस्थानाची काटेकोर शुद्धता हे या गायकीचे मर्म होय.

१९३७ पासून ते ऑल इंडिया रेडिओवर गाऊ लागले. डेहराडूनजवळील टपकेश्वर येथील गुहामंदिरात काही वर्षे त्यांनी एकांतात स्वरसाधना केली. पुढे १९६० ते १९७० या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठात अध्यापन केले. त्यांची अतिविलंबित, अलंकरण टाळणारी गायकी मैफलींत मात्र फारशी लोकप्रिय झाली नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे मिनिमलिस्ट संगीत आकार घेत होते. मोजकेच स्वर दीर्घकाळ धरून ठेवणे किंवा छोट्या स्वराकृतींची पुनरावृत्ती करणे, ही त्याची पद्धती. ला माँट यंग हे त्याचे एक प्रवर्तक; टेरी रायली यांची ‘इन सी’ ही प्रसिद्ध रचना १९६४ ची. म्हणजे प्राणनाथांच्या भेटीपूर्वीच ही धारा वाहू लागली होती, हे ध्यानात ठेवा. यंग यांना नैसर्गिक स्वरांतरांची ओढ होती. षड्ज-पंचमाचे शुद्ध प्रमाण ३:२ असते. पियानोच्या प्रचलित जुळणीत पंचम त्याहून किंचित उतरलेला असतो. ही शुद्धता गळ्यातून साधणारा गुरू त्यांना प्राणनाथांमध्ये भेटला.

यंग आणि त्यांच्या पत्नी मॅरियन झझीला यांच्या निमंत्रणावरून प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. हे दोघे आणि रायली त्यांचे शिष्य झाले. १९७२ मध्ये तेथे किराणा संगीताचे केंद्र सुरू झाले. १९७३ ते १९८४ या काळात कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजमध्येही त्यांनी शिकवले. नामवंत रचनाकार तानपुरा घेऊन त्यांच्यामागे बसत.

भाषाविज्ञानात आपण शब्दांची उसनवारी आणि व्याकरणाचा प्रभाव यांत भेद करतो. तोच येथे उपयोगी पडतो. प्राणनाथांनी आपला राग पाश्चात्त्य साच्यात बसवला नाही. शिष्यांनीही केवळ भारतीय वाद्यांचा नाद उसना घेतला नाही. स्वर किती वेळ ऐकावा, दोन स्वरांमधील जागा कशी जपावी, हे ऐकण्याचे व्याकरणच त्यांनी आत्मसात केले. यंग आणि झझीला यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला ‘जस्ट आलाप रागा’ हा वाद्यवृंद त्याचीच साक्ष देतो.

१३ जून १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे प्राणनाथांचे निधन झाले. परदेशात त्यांना जेवढी शिष्यमंडळी लाभली, तेवढी ओळख मायदेशी लाभली नाही. ही या संगमाची किंमत म्हणावी लागेल, आणि ती गुरूने मोजली.

विचार करा : तुमच्या परिचयाच्या एखाद्या मिश्र संगीतरचनेत केवळ नादाची उसनवारी आहे की व्याकरणाचाही स्वीकार आहे? आपले उत्तर दहा ओळींत सकारण लिहा.