प्रोफेसर केळफांची जादू आणि उरलेली रिळे

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने बदलापूर मागे टाकले की वांगणी स्थानक येते. रोज या मार्गाने जा-ये करणाऱ्या हजारो चाकरमान्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की भारतीय चित्रपटाच्या पहिल्यावहिल्या बाह्यचित्रीकरणासाठी १९१२ साली एक मंडळी याच गावी आली होती. ढाली, तलवारी, भाले घेतलेली ही अनोळखी माणसे पाहून गावात गडबड उडाली. दरोडेखोर आल्याची वर्दी पाटलापर्यंत गेली आणि फौजदाराने सगळ्यांना ताब्यात घेतले. मागाहून मुंबईहून आलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी खुलासा केला. पण सिनेमा म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नसताना खुलाशाचा उपयोग काय? अखेर त्यांनी कॅमेरा मांडला आणि नटांकडून एक प्रवेश करवून घेतला. त्या वेळी कॅमेऱ्यात फिल्म नव्हती, असे सांगतात. फौजदाराची मात्र खात्री पटली आणि मंडळी सुटली.

नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवणे फाळके यांना नवे नव्हते. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना, भागीदारांशी बिनसणे, हे सारे त्यांच्या चरित्रकारांनी तपशिलाने सांगितले आहे. केळफांच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे वाक्यच येते. वास्तविक त्यांचा सिनेमा समजून घ्यायचा तर तेथूनच सुरुवात करावी लागते.

१९१२ मध्ये विमा पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. भांडवलदारांना या धंद्यात पैसे घालायला राजी करण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराहून अधिक काळाची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. 'अंकुराची वाढ' हा त्यांचा पहिला लघुपट म्हणजेच त्यांचा पहिला ट्रिकसीन होय.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. विश्वामित्राच्या आश्रमात ज्वाळांमध्ये प्रकट होणाऱ्या शक्ती आणि शेवटी अचानक उभे राहणारे शंकर पाहून प्रेक्षक थक्क झाले. संगणकाच्या पिढीला ही करामत किरकोळ वाटेल. पण तेव्हा ती हाताने करायची होती. कॅमेरा थांबवायचा, नटांनी होते तसे निश्चल राहायचे, नव्या पात्राने जागेवर यायचे आणि पुन्हा हँडल फिरवायचे. कधी फिल्म उलटी गुंडाळून, हँडलचे फेरे मोजत, त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा चित्रण करायचे. एक फेरा चुकला तर दोन्ही दृश्ये वाया! फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, उजेडासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही. आपल्या स्पेशल इफेक्ट्सच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या पानावर हवे.

याच चित्रपटातील एक दृश्य मात्र कोणत्याही क्लृप्तीविना साधले गेले. रोहिदासाची भूमिका करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र वांगणी मुक्कामी खेळताना पडला आणि बेशुद्ध झाला. त्याला मुंबईला नेण्याचा सल्ला बाजूला ठेवून फाळके यांनी मृत रोहिदासाचे दृश्य तशाच अवस्थेत चित्रित केले. या प्रसंगाचे कौतुक करण्याची प्रथा आहे. ते करवत नाही.

पुढे नाशिकला त्यांची कला बहरली. 'लंकादहन' (१९१७) मध्ये हनुमान उडाला. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर गेले आणि पुन्हा जागेवर बसले. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये कन्या मंदाकिनी बालकृष्ण होऊन सर्पाशी झुंजली. आगकाड्यांना हलवून केलेला एक लघुपट आणि केळफांच्या जादूवरचा एक लघुपटही त्यांनी काढला. बोलपटाच्या युगात 'गंगावतरण' (१९३७) नंतर ते मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते जवळजवळ विस्मरणात गेलेले होते.

त्यांच्या सुमारे ९५ चित्रपटांपैकी आज हाती आहेत ते तुकडेच. याला कारण निव्वळ अनास्था नव्हे. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही. उष्ण हवेत ती आपोआपही कुजते. शिवाय तिच्यात चांदी असे आणि चित्रपट जुना झाला की चांदीसाठी फिल्म धुऊन काढली जाई. फ्रान्समध्ये फाळके यांच्यासारखाच मूळचा जादूगार असलेल्या जॉर्ज मेलिएस यांच्या फिल्म पहिल्या महायुद्धात बुटांच्या टाचांसाठी वितळवल्या गेल्या. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले; त्यांतील पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात उरलेले जेमतेम तीसेक. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे उपलब्ध आहेत ती १९१३ ची की फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

जे उरले त्याचे श्रेय बव्हंशी १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आणि तेथील पी. के. नायर यांचे. फाळके कुटुंबीयांकडे त्यांनी खेपा घातल्या, रिळांचे तुकडे जमवले. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचे असंख्य डबे खाक झाले. सुरक्षित फिल्मवर प्रती काढून ठेवण्याचे मोल तेव्हा कळले. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

'कालिया मर्दन'चे तुकडे विस्कळीत अवस्थेत मिळाले होते. कोणते दृश्य कोणत्या दृश्यानंतर यावे, हे फाळके यांनी स्वतःच्या टिपणांत क्रमवार लिहून ठेवले होते. ती टिपणे समोर ठेवून नायर यांनी हा चित्रपट पुन्हा जुळवला. आज तो पाहताना आरंभी मंदाकिनी प्रथम स्वतःच्याच वेशात, मग बालकृष्णाच्या वेशात दिसते. मुलीचा कृष्ण कसा होतो, हे प्रोफेसर केळफांनी त्या एका प्रसंगी प्रेक्षकांना उघड करून दाखवले आहे.