विश्लेषण : ‘संजय गांधी निराधार’ योजनेतील संजय गांधी कोण होते? छोट्या विमानाचे उड्डाण त्यांच्या जिवावर कसे बेतले?

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन असो की राज्यातील दुसरे कोणतेही गाव, ‘संजय गांधी’ हे नाव तिथे दर महिन्याला घेतले जाते. ‘निराधारचे पैसे आले का?’ हा प्रश्न बँकेच्या दारात आणि तहसील कार्यालयाच्या पायरीवर रोज ऐकू येतो. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले अशा ६५ वर्षांखालील निराधारांसाठी महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झालेली ही योजना. ज्यांचे नाव तिला दिले, त्या व्यक्तीचा त्याच वर्षी वयाच्या ३३ व्या वर्षी विमान अपघातात मृत्यू झाला होता. तो अपघात का झाला आणि छोटी विमाने चालवणाऱ्यांना तो आजही काय शिकवतो, याचा हा आढावा.

यंत्रांचे वेड कसे लागले?

इंदिरा आणि फिरोज गांधी यांचे धाकटे पुत्र संजय यांचा जन्म १४ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत झाला. डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये ते काही काळ शिकले, पण पुस्तकांपेक्षा ओढा यंत्रांकडे होता. इंग्लंडमधील क्रू येथे रोल्स-रॉईसच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. ती मुदत पूर्ण होण्याआधीच ते मायदेशी परतले. भारतीयांना परवडेल अशी छोटी मोटार बनवायची, हे त्यांचे स्वप्न होते. १९७१ मध्ये ‘मारुती’ कंपनी स्थापन झाली. मात्र त्यांच्या हयातीत कारखान्यातून ती मोटार सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली नाही. पुढे सरकारने नवी कंपनी काढली, जपानच्या सुझुकीशी करार केला आणि पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे संजय यांच्या जन्मदिनी.

राजकारणात दबदबा कसा निर्माण झाला?

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. कोणतेही सरकारी पद नसताना संजय गांधी सत्तेचे केंद्र बनले. साक्षरता, वृक्षारोपण, हुंडाबंदी, जातिनिर्मूलन आणि कुटुंबनियोजन असा त्यांचा पाच कलमी कार्यक्रम होता. लोकांच्या लक्षात राहिले ते कुटुंबनियोजन. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातील सक्तीच्या कहाण्या गावोगाव पोहोचल्या. दिल्लीत तुर्कमान गेट भागातील घरे पाडण्याची कारवाईही गाजली. १९७७ च्या निवडणुकीत अमेठीतून त्यांचा पराभव झाला. जानेवारी १९८० मध्ये त्याच अमेठीतून ते निवडून आले. मे महिन्यात पक्षाचे सरचिटणीस झाले. त्यांचा मुलगा तेव्हा अवघ्या काही महिन्यांचा होता.

२३ जून १९८० रोजी काय घडले?

संजय यांना हलकी विमाने चालवण्याचा परवाना १९७६ मध्ये मिळाला होता. जनता सरकारच्या काळात तो रद्द झाला आणि इंदिरा गांधी सत्तेत परतल्यावर पुन्हा मिळाला. त्याच सुमारास दिल्ली फ्लाइंग क्लबकडे ‘पिट्स एस-टू-ए’ हे दोन आसनी विमान आले. दोन पंखांच्या जोड्या असलेले हे चिमुकले विमान हवाई कसरतींसाठीच बनवलेले. संजय यांनी ते पहिल्यांदा उडवले २१ जूनला. दुसऱ्या दिवशी पत्नी आणि निकटवर्तीयांना त्यांनी त्यातून फेऱ्या मारून आणल्या.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आठच्या सुमारास सफदरजंग विमानतळावरून ते पुन्हा झेपावले. सोबत होते क्लबमधील अनुभवी वैमानिक कॅप्टन सुभाष सक्सेना. दाट वस्तीवर, कमी उंचीवर विमानाने हवेत गोल गिरक्या घ्यायला सुरुवात केली. एका गिरकीतून विमान वर आलेच नाही. जिथे ते आदळले, ती जागा संजय आईसोबत काही काळ राहिले होते त्या घरापासून फार लांब नव्हती. दोघांचाही जागीच मृत्यू झाला.

मग संजय गांधी नवखे होते का?

याचे उत्तर हो आणि नाही, असे दुहेरी आहे. त्यांना उडता येत होते, पण ‘या’ विमानात ते नवखे होते. विमानचालनात एकूण किती तास उड्डाण केले, याइतकेच महत्त्व त्या जातीच्या विमानावर किती तास काढले, याला असते. साधी मोटार चालवणारा माणूस शर्यतीच्या गाडीत बसला तर काय होईल, तसाच हा फरक. पिट्ससारखे विमान दांड्याच्या हलक्या स्पर्शालाही झटकन वळते. तिसऱ्या दिवशी हाताला त्याची सवय झालेली नसते, पण धाडस मात्र वाढलेले असते.

त्यात सावधगिरीचाही प्रश्न होता. मोठे बंधू राजीव हे इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक. धाकटा भाऊ बुटांऐवजी कोल्हापुरी चपला घालून विमान चालवतो, हे राजीव यांना खटकत असे आणि ते तसे बजावतही, असे सांगितले जाते.

उंची कमी असेल तर धोका का वाढतो?

हवेत गोल गिरकी घेताना विमान वर चढते, उलटे होते आणि नाक खाली करून वेगाने उतरत वर्तुळ पूर्ण करते. शेवटच्या टप्प्यात सरळ होण्यासाठी खाली पुरेशी मोकळी जागा लागते. ती कमी पडली, तर वैमानिक घाईने दांडा मागे ओढतो. त्यामुळे पंखांचा हवेशी असलेला कोन इतका वाढू शकतो की पंखावरून हवा नीट वाहत नाही आणि विमान तरंगायचे थांबते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन सुरू असतानाही हे घडते. तीन-चार हजार फुटांवर अशी चूक झाली, तर ती सुधारायला वेळ मिळतो. काही शे फुटांवर अनुभवी माणूस शेजारी असूनही तो मिळत नाही.

नवखेपणाचे रूप दर वेळी सारखेच असते असे नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी यांच्या गाठीशी सुमारे ३०० तासांचे उड्डाण होते. १६ जुलै १९९९ च्या रात्री धुरकट हवेत समुद्रावरून जाताना त्यांना आकाश कुठे आणि पाणी कुठे याचे भान राहिले नाही. पत्नी आणि मेहुणीसह त्यांचा मृत्यू झाला. तिथे कसरत नव्हती. होता तो रात्रीच्या उड्डाणाचा अपुरा सराव.

आजच्या वैमानिकांसाठी धडा कोणता?

भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४०, तर व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. हा आकडा म्हणजे शिकण्याची सुरुवात असते. विदर्भातील मुलामुलींसाठी आता गोंदियाजवळच्या बिरसीत प्रशिक्षणाची सोय आहे. १८ मार्च २०२३ रोजी तेथून उडालेले विमान बालाघाट जिल्ह्यातील जंगलात कोसळून प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी, दोघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते, पण छोट्या विमानात चुकीला जागा कमी असते, हे सगळीकडे सारखेच.

दुसरा धडा सोबतच्या आसनाचा आहे. समोरचा माणूस कितीही मोठा असला, तरी उंची कमी आहे, आता थांबू या, असे ठामपणे सांगता आले पाहिजे आणि तसे सांगणाऱ्याला संरक्षणही मिळाले पाहिजे. प्रवासी विमानांच्या प्रशिक्षणात सहवैमानिकाला हे आता मुद्दाम शिकवले जाते.

अपघातानंतर काय बदलले?

राजीव गांधी यांनी वैमानिकाची नोकरी सोडली आणि १९८१ मध्ये ते अमेठीतून लोकसभेवर गेले. पुढे ते पंतप्रधान झाले. काही मिनिटांच्या त्या उड्डाणाने देशाच्या राजकारणाची दिशा बदलली. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला संजय यांचे नाव मिळाले आणि गावोगावच्या निराधारांच्या पासबुकातही ते पोहोचले. कॅप्टन सक्सेना यांचे नाव मात्र आज फारसे कुणाला आठवत नाही. त्याच विमानात, त्याच क्षणी त्यांचाही जीव गेला होता.